मे महिन्याचा हिशोब धरून डेटा सेंटर: मराठवाड्यात कूलिंग आणि वीज यंत्रणा कशी आखावी

एसी आणि चिलर (पाणी थंड करून फिरवणाऱ्या) यंत्रांच्या कॅटलॉगमधली क्षमता बहुतेक वेळा बाहेरचं तापमान ३५ अंश धरून छापलेली असते. परभणी-नांदेडला मे महिन्यातल्या दुपारी पारा ४३-४४ वर असतो. काँक्रीटच्या तापलेल्या गच्चीवर, दोन कंडेन्सरच्या (एसीच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागांच्या) मधल्या जागेत तोच आकडा सहज ४८ होतो. मराठवाड्यातल्या सर्व्हर रूम उन्हाळ्यात बंद पडतात त्यामागे बहुधा हा फरकच असतो. यंत्र खराब नसतं, ते दुसऱ्याच हवामानासाठी निवडलेलं असतं.

हा लेख जिल्हा बँक, विद्यापीठ, मोठं रुग्णालय, साखर कारखाना किंवा एमआयडीसीतला उद्योग यांच्यासाठी लहान-मध्यम डेटा सेंटर उभारणाऱ्या अभियंत्यांसाठी आहे. आकडे हातात राहावेत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: लातूर परिसरात २० रॅक (सर्व्हर बसवायची कपाटं), प्रत्येकी सरासरी ५ किलोवॅट, म्हणजे सर्व्हर वगैरेंना मिळून १०० किलोवॅट वीज, म्हणजेच आयटी लोड.

पहिली पायरी: लोड खरा काढा

सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर ८०० वॅट लिहिलेलं असतं म्हणून तो ८०० वॅट खातो असं नाही. चालू यंत्रणा असेल तर पीडीयूवरचं (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीवरचं) प्रत्यक्ष रीडिंग महिनाभर घ्या आणि त्यातला सर्वांत वरचा आकडा धरा. नवीन खरेदी असेल तर उत्पादकाच्या पॉवर कॅल्क्युलेटरमधून आकडा काढा. पाटीवरच्या आकड्यांची बेरीज करून यंत्रणा उभारली की यूपीएस आणि डीजी (डिझेल जनरेटर) आयुष्यभर २५-३० टक्क्यांवर चालत राहतात आणि दोघांचंही त्यात नुकसान होतं.

सर्व्हरने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच बाहेर पडते. १०० किलोवॅट आयटी, यूपीएस आणि केबलमधली ६-७ किलोवॅट गळती, आतल्या पंख्यांची ५-६ किलोवॅट उष्णता, शिवाय दिवे आणि माणसं. मिळून ११५ किलोवॅट. एक टन रेफ्रिजरेशन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, तेव्हा हे जवळपास ३३ टन झाले. भिंती आणि छतातून येणारी उष्णता यात धरलेली नाही. छताखाली चांगलं इन्सुलेशन असेल आणि पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नसेल तर ती किरकोळ राहते. पत्र्याच्या शेडमध्ये डेटा सेंटर करायचा विचार असेल तर तो इथेच सोडा.

दुसरी पायरी: आतलं तापमान ठरवा

सर्व्हर रूम १८ अंशांवर ठेवायची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ॲशरे या अमेरिकी संस्थेची शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश हवेची आहे. सर्व्हरच्या वर्गानुसार काही काळ ३२ ते ३५ अंशही चालतात. माझा आग्रह २४ अंशांचा असतो. त्यात वीज वाचते आणि कूलिंग बंद पडलं तर हातात थोडा वेळही राहतो. २७ वर चालवलं तर बचत आणखी वाढेल, पण आपल्याकडे वीज जाण्याचं प्रमाण पाहता तो थोडासा वेळ मला जास्त मोलाचा वाटतो.

आर्द्रतेसाठी दवबिंदू बघा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान. शिफारस उणे ९ ते १५ अंश दवबिंदूची आहे. मे महिन्यातली ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा कोरडी वाटते, पण तिचा दवबिंदू ११ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे मर्यादेच्या आतच. हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारीही तो शून्याच्या वर राहतो. त्यामुळे ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) इथे जवळपास कधीच लागत नाही. तो काढून टाका, पाणीही वाचेल आणि दुरुस्तीही. खरी अडचण जुलै ते सप्टेंबरची. बाहेरचा दवबिंदू तेव्हा २३-२४ वर जातो आणि दाराच्या फटींतून, केबलच्या भोकांतून ओलावा आत येतो. फटी बुजवा, दाराला गॅस्केट लावा, ताजी हवा लागेल तेवढीच आणि आधी कोरडी करून घ्या.

तिसरी पायरी: पाणी वापरायचं का, हे आधी ठरवा

इथे थोडं थांबायला हवं, कारण मराठवाड्यात या एका निर्णयावर बाकी सगळं उभं राहतं.

थंड करण्याचा सर्वांत कार्यक्षम मार्ग पाण्याच्या बाष्पीभवनाचा आहे. मेमधल्या त्या ४३ अंशांच्या कोरड्या हवेचं वेट बल्ब तापमान (पाणी उडून हवा जितकी थंड होऊ शकते ते) फक्त २२-२३ अंश असतं. कागदावर पाहिलं तर कूलिंग टॉवरला यापेक्षा चांगलं हवामान शोधून सापडणार नाही. पण ही हवा जेव्हा असते तेव्हाच मांजरा धरण तळाला गेलेलं असतं, बोअर आटलेले असतात आणि टँकरचे भाव वाढलेले असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्याआधी २०१५ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. वीज केंद्राला पाणी मिळालं नाही तिथे आपल्या कूलिंग टॉवरला कोण देणार?

हिशोब करून बघा. ११५ किलोवॅट उष्णता आणि कॉम्प्रेसरची २० किलोवॅट धरली तर टॉवरला १३५ किलोवॅट बाहेर टाकायचे आहेत. एक किलोवॅट-तास उष्णतेमागे साधारण १.५ लिटर पाणी उडून जातं. दिवसाला हे ४,८०० लिटर झाले. आपल्या बोअरचं पाणी क्षारयुक्त, त्यामुळे टॉवरमध्ये क्षार तिपटीच्या वर साठू देता येत नाहीत आणि ब्लोडाउन (त्यासाठी सोडून द्यावं लागणारं क्षारयुक्त पाणी) धरून गरज ७,००० लिटरच्या पुढे जाते. दहा हजार लिटरचा टँकर दीड दिवसात संपेल, महिन्याला दोन लाख लिटरहून जास्त पाणी लागेल. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या गावात एवढं पाणी हवेत सोडणं मला पटत नाही, आणि व्यवसायाच्या दृष्टीनेही तो धोकाच आहे. टँकर आला नाही तर सर्व्हर बंद.

तेव्हा मूळ रचना हवेने थंड होणारीच ठेवा. वीज थोडी जास्त लागते, ती मान्य करा. नगरपालिकेचं किंवा स्वतःचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी बाराही महिने खात्रीने मिळत असेल तरच टॉवरचा विचार करावा, आणि तेव्हाही पाण्याशिवाय पूर्ण लोड पेलणारी दुसरी सोय हवी.

कंडेन्सरपुढे ओले पॅड लावून मे महिन्यातले मोजके तास हवा थंड करणं हा मधला मार्ग चांगला आहे, कारण पाणी अगदी कमी लागतं. मात्र कॉइलवर थेट बोअरचं पाणी फवारू नका. दोन उन्हाळ्यांत फिन्सवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि कॉइल कायमची बाद होते. पॅड कोरडे पडले तरी यंत्रणा लोड पेलू शकते, असाच हिशोब ठेवा. पॅडमुळे वीज वाचावी, पण क्षमता त्यांच्या भरवशावर नको.

चौथी पायरी: कूलिंग यंत्रं निवडा

घरगुती किंवा ऑफिसचे स्प्लिट एसी रांगेने लावू नका. त्यांच्या क्षमतेतला पाव ते एक तृतीयांश भाग हवेतलं पाणी काढण्यात जातो आणि सर्व्हर तर पाणी सोडत नाहीत. प्रिसिजन एसीमध्ये ९० टक्क्यांहून जास्त क्षमता थेट तापमान उतरवण्यात लागते, आणि तो चोवीस तास चालण्यासाठीच बनवलेला असतो.

१०० किलोवॅटसाठी इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे डीएक्स (मध्ये पाणी न वापरता गॅसने थेट हवा थंड करणारे) प्रिसिजन युनिट पुरेसे आहेत. ३०० किलोवॅटच्या पुढे एअर-कूल्ड चिलर बघा. उदाहरणात ४० किलोवॅटची तीन युनिट चालू आणि एक राखीव. पण हे ४० किलोवॅट ४८ अंशांना हवेत. ढोबळमानाने बाहेरचं तापमान दर अंशाने वाढलं की क्षमता एक टक्का घसरते आणि वीज त्याहून वेगाने वाढते, म्हणून विक्रेत्याकडून ४८ अंशांचा सिलेक्शन शीट (त्या तापमानाला क्षमता किती ते दाखवणारा तक्ता) लेखी घ्या. कॉम्प्रेसर हाय प्रेशरवर किती अंशांना ट्रिप होतो तेही त्यात लिहून घ्या. लातूर-संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच आहेत. हवा विरळ असल्याने तेवढ्याच उष्णतेसाठी सहा-सात टक्के जास्त हवा लागते. १०० किलोवॅटला, सर्व्हरमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत १२ अंशांचा फरक धरला तर ताशी सुमारे २७,००० घनमीटर.

कंडेन्सरची जागा ठरवताना घाई करू नका. चारही बाजूंनी पॅरापेट असलेल्या गच्चीच्या कोपऱ्यात गरम हवा तिथेच घोळते आणि पुन्हा कॉइलमध्ये शिरते. उत्तरेची किंवा पूर्वेची मोकळी बाजू निवडा, युनिट स्टँडवर उंच घ्या, दोन युनिटमध्ये उत्पादक सांगेल तेवढं अंतर सोडा. वर पत्रा टाकायचा असेल तर गरम हवा सुटायला भरपूर उंची ठेवा. शेजारी काय चालतं तेही पाहा. जिनिंगजवळ हंगामात कापसाची तूस कॉइलवर चादरीसारखी बसते, डाळ मिलजवळ भुसा, साखर कारखान्याजवळ बगॅसची राख. अशा ठिकाणी कॉइलपुढे काढून धुता येणाऱ्या जाळ्या लावा आणि हंगामात दर आठवड्याला धुवा.

खोलीत गरम आणि थंड हवा वेगळी करणं हे सर्वांत स्वस्त काम आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. रॅकची तोंडं समोरासमोर, पाठी पाठीला. रॅकमधल्या रिकाम्या खणांना (यू-जागांना) झाकणारी ब्लँकिंग पॅनेल, केबलच्या भोकांना ब्रश, गल्लीला दार आणि वर झाकण. एवढं केल्यावर एखादं युनिट कमी लागल्याची उदाहरणं आहेत.

जीपीयू (एआयसारख्या जड गणनांचे) सर्व्हर आणणार असाल तर रॅक ३०-४० किलोवॅटच्या पुढे जातो आणि हवेने भागत नाही, चिपवर थेट द्रव फिरवावा लागतो. त्याला ४० अंशांचं पाणी चालतं, म्हणून नुसता ड्राय कूलर (कॉम्प्रेसरविना, पंख्यांच्या हवेने पाणी थंड करणारा) पुरतो, असं थंड देशांतली माहितीपत्रकं सांगतात. बाहेरच ४३ असताना ड्राय कूलर ४० चं पाणी देऊच शकत नाही, तो ४८-४९ चं देईल. तेव्हा लहान ट्रिम चिलर (उरलेले काही अंश उतरवणारा) किंवा ओले पॅड धरूनच आखणी करा. एकदा भरलेलं पाणी बंद सर्किटमध्ये फिरत राहतं ही त्यातली जमेची बाजू. हिवाळ्यात मात्र हीच रचना फार सुंदर चालते. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा रात्री दहाच्या खाली उतरतो, कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसत्या पंख्यांवर काम भागतं. चिलर घेणार असाल तर असं कॉम्प्रेसरविना थंड करणाऱ्या फ्री कूलिंग कॉइलचा खर्च किती वर्षांत निघतो ते काढून बघा.

पाचवी पायरी: वीज कुठून येते ते जाऊन बघा

आता पूर्ण बेरीज. आयटी १००, यूपीएसची गळती ६, मे महिन्यातलं कूलिंग ४५, बाकी ५, म्हणजे १५६ किलोवॅट. बॅटरी चार्ज होत असताना आणखी १०. पीयूई, म्हणजे एकूण वीज भागिले आयटी वीज, मे महिन्यात १.५६ येतो. वर्षभराची सरासरी याहून बरी येईल, पण ट्रान्सफॉर्मर आणि डीजी मे महिन्यावरच निवडायचे. १६६ किलोवॅटला २५० केव्हीए ट्रान्सफॉर्मर योग्य, वाढीला जागा राहते.

महावितरणच्या उपविभागात जाऊन सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा नकाशा) बघा. तुमचा ११ केव्ही फीडर (वीज आणणारी लाइन) कोणत्या उपकेंद्रातून निघतो, त्यावर शेतीपंपांचा लोड आहे का, मधल्या टप्प्यात किती गावं आहेत? शक्य असेल तर एक्स्प्रेस फीडर, म्हणजे मध्ये कुणाला न जोडलेली थेट लाइन, मागा. दुसरा फीडर घेताना तो त्याच उपकेंद्रातून, त्याच खांबांवरून येत असेल तर त्याला दुसरा स्रोत म्हणता येणार नाही, आणि वळवाच्या एका वादळात दोन्ही एकदम जातील. डेटा सेंटरच्या भरवशाची टिअर मानकं ठरवणारी अपटाइम इन्स्टिट्यूट विजेचा विश्वासार्ह स्रोत म्हणून स्वतःच्या आवारातल्या जनरेटरलाच धरते. आपल्याकडे हे तंतोतंत लागू पडतं. दुसऱ्या फीडरचे पैसे दुसऱ्या डीजीवर घाला.

मीटरच्या जागी पॉवर ॲनालायझर लावून किमान आठवडाभर व्होल्टेज, हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) आणि झटके नोंदवा. जालन्यात इंडक्शन फर्नेसच्या शेजारी हे फारच गरजेचं आहे. फर्नेसच्या लोडबरोबर व्होल्टेज वर-खाली होतं आणि यूपीएस दिवसातून कित्येकदा बॅटरीवर जाऊन बॅटरी वर्षभरात थकते. रब्बीत पंप सुरू झाले की व्होल्टेज किती पडतं तेही बघा आणि त्याहून खालपर्यंत इनपुट स्वीकारणारा यूपीएस घ्या.

सहावी पायरी: यूपीएस, बॅटरी, डीजी

डबल कन्व्हर्जन यूपीएस (येणारी वीज सतत रूपांतरित करून स्वच्छ देणारा), आणि ए व बी अशा दोन स्वतंत्र वाटा. प्रत्येक वाट एकटी पूर्ण १०० किलोवॅट पेलू शकेल अशी. दोन पॉवर सप्लाय असलेला सर्व्हर दोन्ही वाटांना जोडा आणि कुठलीही वाट रोज ५० टक्क्यांच्या पुढे भरू देऊ नका, नाहीतर एक गेली की दुसरी ओव्हरलोड होईल.

बॅटरी पंधरा मिनिटांची पुरे, पण पंधरा मिनिटं बॅटरीच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी मिळाली पाहिजेत. म्हणून २५ टक्के जास्त धरा. व्हीआरएलए (सीलबंद शिसे-आम्ल) बॅटरी २५ अंशांसाठी असते आणि दर ८-१० अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं. जिन्याखाली, ३५ अंशांत ठेवलेली दहा वर्षांची बॅटरी पाच वर्षंही टिकत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, पण उष्णता जास्त सोसते. खर्च दहा वर्षांचा मांडून ठरवा.

इथे एक मुद्दा बऱ्याच रेखाचित्रांत सुटतो. लाईट गेली की सर्व्हर यूपीएसवर चालू राहतात, पण कूलिंग बंद पडतं. आपल्या उदाहरणात खोलीत साधारण २०० किलो हवा आहे. नुसत्या हवेचा हिशोब केला तर १०० किलोवॅट तिला दोन सेकंदांत एक अंश तापवतात. रॅकचं लोखंड आणि भिंती बरीच उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात काही मिनिटं मिळतात, तरी ती मोजकीच. डीजी पंधरा सेकंदांत येतो, पण काही कॉम्प्रेसरचा कंट्रोलर पुन्हा सुरू व्हायला तीन ते पाच मिनिटं घेतो. म्हणून आतले पंखे आणि कंट्रोलर यूपीएसवर घ्या, झटपट रीस्टार्टची सोय असलेली युनिट घ्या. चिलर असेल तर थंड पाण्याची बफर टाकी ठेवून पंप यूपीएसवर घ्या.

डीजी २५० केव्हीएचे दोन, एक राखीव. रेडिएटर ५० अंश हवेत पूर्ण लोड पेलेल असा मागवा आणि उंची-तापमानाची घट लेखी घ्या. रेटिंग स्टँडबायचं नको, तासांची मर्यादा नसलेलं हवं. कॉम्प्रेसर एकापाठोपाठ चढवा, एकदम नको. कमी लोडवरच्या यूपीएसचे फिल्टर लीडिंग केव्हीएआर (प्रत्यक्ष काम न करणारी रिॲक्टिव्ह वीज) देतात, ते डीजीला पचत नाहीत आणि ही वीजही मोजणाऱ्या केव्हीएएच बिलातही दिसतात. सुरुवातीच्या कमी लोडच्या दिवसांत तर फारच. तेव्हा विक्रेत्याला फिल्टर बंद करण्याची सोय विचारा.

१५६ किलोवॅटला तासाला साधारण ४२ लिटर, दिवसाला हजार लिटर डिझेल लागेल. एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतीही टाकी १,००० लिटरच्या वर नाही, इतका साठा पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय ठेवता येतो. म्हणजे दोन टाक्यांत दोन दिवसांची सोय झाली.

सोलरबद्दल प्रत्येक बैठकीत विचारलं जातं. १०० किलोवॅट आयटीला चोवीस तासांत २,४०० युनिट लागतात. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं. म्हणजे ६०० किलोवॅटची पॅनेल आणि सुमारे ६,००० चौरस मीटर जागा, तीही फक्त आयटीपुरती. छतावर जेवढं बसेल तेवढं कूलिंगला जोडा. ऊन आणि कूलिंगचा लोड एकाच वेळी चढतात, आणि पॅनेलखालचं छत सावलीत राहतं हा वेगळा फायदा.

सातवी पायरी: अर्थिंग, वीज पडणं आणि भूकंप

मातीची रोधकता चार खुंट्यांच्या पद्धतीने मेमध्येच मोजा. ओली काळी माती उत्तम वाहक असते, पण उन्हाळ्यात भेगाळली की इलेक्ट्रोडभोवती पोकळी पडते. पावसाळ्यात एक ओहम दाखवणारा अर्थिंगचा खड्डा मेमध्ये काही पटींनी वर गेलेला सापडतो. चार-पाच फुटांवर काळा बेसाल्ट लागला तर उभ्या रॉडचा हट्ट सोडा. आडव्या पट्ट्यांची जाळी टाका, नाहीतर बोअर घेऊन बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरून खोल इलेक्ट्रोड बसवा. सगळे अर्थ एकमेकांना जोडलेले हवेत. सर्व्हरसाठी वेगळा, कशालाच न जोडलेला अर्थ ठेवण्याची पद्धत वीज पडल्यावर घातक ठरते.

वळवाच्या पावसात इथे वीज पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं दगावतात. इमारतीला आयईसी ६२३०५ नुसार संरक्षण, मुख्य पॅनेलला टाइप १ व २ चे एसपीडी (विजेचा झटका जमिनीत वळवणारी उपकरणं), आणि त्यांच्या तारा अर्ध्या मीटरपेक्षा लांब नकोत.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपापूर्वी हा भाग कमी धोक्याचा समजला जात असे. रॅक आणि बॅटरी स्टँड फॉल्स फ्लोअरला नको, स्लॅबला बोल्ट करा. पाइप आणि बसबारला लवचिक जोड ठेवा.

आठवी पायरी: ताब्यात घेण्यापूर्वी मे महिन्यात चाचणी

सर्व्हर येण्याआधी भाड्याने लोड बँक आणा आणि रॅकच्या जागी १०० किलोवॅट हीटर चालवा. ही चाचणी डिसेंबरात घेऊन उपयोग नाही. काम हिवाळ्यात संपलं तर करारातच लिहा की अंतिम हप्ता मेमधल्या चाचणीनंतर मिळेल. ठेकेदार कुरकुर करेल, तरी हे कलम सोडू नका.

दुपारी तीन वाजता पूर्ण लोडवर चार तास चालवा. मग एक कूलिंग युनिट बंद करा आणि रॅकच्या तोंडाशी, वरच्या भागात, तापमान किती चढतं ते नोंदवा. मग मुख्य स्विच खाली ओढा. डीजी किती सेकंदांत आला, प्रत्येक कॉम्प्रेसर कधी सुरू झाला, तोवर तापमान कुठे गेलं? पहिल्या डीजीला जाणूनबुजून सुरू होऊ देऊ नका आणि दुसरा उचलतो का पाहा. ए वाट पूर्ण बंद करा, पूर्ववत करा, मग बी. प्रत्येक वेळी वायरमन आणि रात्रपाळीचा ऑपरेटर हजर हवेत, कारण उद्या पहाटे हे त्यांनाच करायचं आहे. पॅनेलच्या दारावर मराठीत लिहिलेला क्रम चिकटवा: कोणता ब्रेकर आधी, कोणता नंतर, कोणाला फोन.

त्यानंतरची देखभाल. डीजी दर महिन्याला प्रत्यक्ष लोडवर तासभर, रिकामा नाही. डिझेल टाकीच्या तळातलं पाणी पावसाळ्यात दर पंधरवड्याला काढा. बॅटरीचा इम्पिडन्स (अंतर्गत रोध) तिमाहीला, पॅनेलची थर्मोग्राफी (तापलेले जोड दाखवणारं चित्रण) एप्रिलमध्ये, पूर्ण लोड असताना. कॉइल जिनिंग हंगाम संपल्यावर एकदा आणि एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा एकदा नीट धुवा. अर्थ पिट दर मे महिन्यात मोजून आकडा एकाच वहीत, मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहा.